मेलचा न थांबणारा लूप

‘हॅकर’ म्हटलं की आज आपल्याला खात्यातले पैसे पळवणारा आठवतो. 1960 च्या आसपास एमआयटीत हा शब्द रुळला तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता: यंत्राची नस न् नस ओळखून त्याच्याकडून कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं काम करून घेणारा. त्या काळातली एकच युक्ती आज उलगडून बघू. ती करणारा मेल के. हा एमआयटीतला नव्हे, रॉयल मॅकबी कंपनीतला प्रोग्रॅमर. त्याची गोष्ट त्याचे तिथले सहकारी एड नॅदर यांनी 1983 मध्ये लिहिली. नॅदर पुढे खगोलशास्त्रज्ञ झाले.

आधी यंत्र समजून घ्या. कंपनीचं एलजीपी-30 हे 1956 चं यंत्र. मेमरी म्हणजे फिरणारा चुंबकीय ड्रम, त्यावर फक्त 4096 शब्द. (एडवर्ड लॉरेन्झ यांचं हवामानाचं प्रसिद्ध गणित याच यंत्रावर झालं, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) हवी ती संख्या फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं. क्षणभर उशीर झाला की जवळजवळ पूर्ण फेरी वाया.

नंतरच्या आरपीसी-4000 मध्ये प्रत्येक सूचनेतच पुढच्या सूचनेचा पत्ता असे. मेलला खेळणंच मिळालं! एक सूचना संपते न संपते तोच पुढची हेडखाली हजर, अशा हिशेबाने तो सूचना ड्रमवर मांडायचा. ही मांडणी करून देणारा प्रोग्रॅम होता, पण मेलने तो वापरला नाही. तो प्रोग्रॅम काय कुठे ठेवेल, सांगता येत नाही ना! आणि मेलला ते माहीत असणं गरजेचं होतं, कारण एखादी सूचना संख्या म्हणून सोयीची दिसली तर तो तिनेच गुणाकार करायचा. स्थिरांकाला वेगळी जागा कशाला?

त्याने या यंत्रासाठी ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ लिहिला. प्रदर्शनात गर्दी जमायची. विक्रीवाल्यांना वाटलं, एक बटण दाबलं की गिऱ्हाईक जिंकेल अशी सोय हवी. मेलला ही सरळ लबाडी वाटली. बरीच मनधरणी झाल्यावर त्याने ते केलं, पण अट उलटी लिहिली! बटण दाबलं की यंत्रच दर वेळी जिंकायचं. मेल खूश. आपलं अंतर्मन फारच प्रामाणिक आहे म्हणाला, आणि दुरुस्ती करायला साफ नकार. चूक की मुद्दाम, तुम्हीच ठरवा.

मेल नोकरी सोडून गेल्यावर साहेबांनी नॅदरना ती अट शोधून उलटवायला सांगितली. शोधता शोधता त्यांना एक लूप दिसला, ज्यात थांबण्याची अटच नव्हती. तरी प्रोग्रॅम त्यातून बाहेर पडायचा. कसा?

सूचना म्हणजे मेमरीतली एक संख्याच. सोयीसाठी दशमान पद्धतीत बघू. समजा डावीकडचा अंक म्हणजे कृती आणि उजवीकडचे चार अंक म्हणजे पत्ता. 3 म्हणजे ‘वाच’, 4 म्हणजे ‘उडी मार’. मेल दर फेरीला ती सूचनाच उचलायचा, तिच्यात एक मिळवायचा, परत ठेवायचा: 39997, 39998, 39999. त्याने माहिती मुद्दाम मेमरीच्या शेवटच्या टोकाला ठेवली होती. आता एक मिळवा. 40000! ‘वाच’ होतं त्याचं ‘शून्य पत्त्यावर उडी मार’ झालं. आणि शून्यावर पुढची सूचना तयार.

खऱ्या यंत्रात आणखी एक गोम होती. कृती आणि पत्ता यांच्यामध्ये एक बिट होतं, इंडेक्स रजिस्टर वापरायचं का ते सांगणारं. ते 0 असतं तर हातचा तिथेच अडकला असता. मेलने ते 1 ठेवलं आणि रजिस्टरमध्ये शून्य, म्हणजे पत्त्याला धक्का नाही. नॅदरना खटकलं ते हेच: वापरायचंच नाही तर बिट चालू कशाला? तरीही उत्तर सापडायला दोन आठवडे गेले.

असा कोड आज कोणी माझ्यापुढे ठेवला तर मी परत पाठवीन, हे कबूल करतो. तीन-चार सूचना वाचवायला दुसऱ्याचे दोन आठवडे! पण 4096 शब्दांवर हात बसलेल्याला तीन-चार सूचना म्हणजे चैन नव्हती.

नॅदरनी साहेबांना सांगितलं, अट काही सापडली नाही. खरं तर त्यांनी शोधणंच सोडलं होतं. अशा माणसाच्या कोडमध्ये हात घालायला त्यांचं मन धजेना. ते कंपनी सोडून गेले तेव्हाही बटण दाबलं की यंत्रच जिंकत होतं.