जमिनीखालच्या पाण्याची वाट

नरसी नामदेव हे गाव आपल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. ही संत नामदेवांची जन्मभूमी मानतात. गावाजवळून कयाधू नदी वाहते. ती वाशीम जिल्ह्यातून येते आणि पुढे पैनगंगेला मिळते. पावसाळ्यात तिला पूर येतो. उन्हाळ्यात मात्र पात्रात नुसती वाळू आणि दगड!

पाऊस संपला की नदी आटणारच, असे कोणी म्हणेल. पण पाऊस थांबल्यावरही नदी काही दिवस वाहतेच ना? ते पाणी कोठले? ते जमिनीच्या पोटातून येते. मुरलेले पाणी एका जागी बसून राहत नाही. ते हळूहळू चालत असते. त्याची वाट कशी ओळखावी, ते आज पाहू.

आपल्या जमिनीखाली काळा फत्तर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थरावर थर थिजून तो झाला. अखंड फत्तरात पाणी शिरत नाही. ते मुरमात, मांजऱ्या दगडात आणि फत्तराच्या भेगांत साठते. हा थर एकाच शेतापुरता नसतो. तो बांधाखालून पलीकडे जातो. म्हणून तर भांडणे होतात.

"तात्या, तुमच्या बोअरनं माझी विहीर आटली!"

"अरे बाबा, माझ्या शेतात मी बोअर घेतला. तुझ्या विहिरीचा काय संबंध?"

कोण खरे? दोघांच्या पाण्याचा थर एकच असेल, तर संबंध आहे. नसेल, तर नाही. हे तंट्याने कळत नाही, मोजून कळते.

मोजायचे कसे? समजा, गावात तीन विहिरी आहेत. एक माळावर, एक गावाजवळ, एक ओढ्याकाठी. तिन्ही एका रेषेत नकोत, त्रिकोणात हव्यात. सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा. माळावर ६ मीटर, गावाजवळ ३ मीटर, ओढ्याकाठी २ मीटर भरले. मग माळावरचे पाणी सर्वांत खाली आहे काय? थांबा, घाई नको!

जमिनीची उंचीही पाहिली पाहिजे. गवंडी पाण्याच्या नळीने लेव्हल काढतो, तशी ती काढता येते. शाळेची पायरी १०० मीटर धरू. माळावरची जमीन १०८ मीटर भरली, गावाजवळची १००, ओढ्याकाठची ९६. आता वजाबाकी करा. १०८ मधून ६ गेले, १०२ राहिले. १०० मधून ३ गेले, ९७ राहिले. ९६ मधून २ गेले, ९४ राहिले.

पाहिलेत? ज्या विहिरीत पाणी सर्वांत खोल दिसले, त्याच विहिरीचे पाणी सर्वांत उंचावर आहे! भूजल उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जाते. म्हणजे येथे पाणी माळाकडून ओढ्याकडे चालले आहे. अशा पुष्कळ विहिरी मोजाव्यात. सारख्या पातळीच्या जागा नकाशावर रेघेने जोडाव्यात. पाण्याची वाट बहुधा त्या रेघांना आडवी, काटकोनात असते. खोल बोअरचे पाणी वेगळ्या थरातले असू शकते. म्हणून त्याचा नकाशा निराळा करावा.

ही काही जादू नव्हे. फ्रान्समध्ये हेन्री डार्सी नावाचा इंजिनिअर होता. पाणी वाळूतून किती वेगाने जाते, याचा नियम त्याने १८५६ साली सांगितला. उतार जास्त, तर वेग जास्त. खडक जितका पाझरणारा, तितके पाणी जास्त. आपल्या सरकारनेही २०१२ पासून देशभर भूजलाच्या थरांचे नकाशे करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी मोजत असते.

आता ओढ्याकडे या. ओढ्याचा तळ ९३ मीटरवर आहे असे धरा. शेजारचे पाणी ९४ वर आहे. म्हणून ते ओढ्यात झिरपते. काठची पाणथळ जागा ओली राहते. तेथे लव्हाळा उगवतो, बगळे उतरतात, गुरे पाणी पितात. पण उपसा वाढला आणि उन्हाळ्यात पाणी ९१ वर गेले तर? मग वाट उलटी होते. ओढ्याचेच पाणी जमिनीत जाते. पाणथळ सुकते. लोक म्हणतात, "ओढा मेला." खरे म्हणजे आपण त्याचे पाणी वरच्या वर उचललेले असते.

मग पाणथळ परत कशी आणावी? पुष्कळजण आधी ओढाच खोल खणतात. तेथे जपून! तळ खाली गेला, तर बाजूच्या थरातले पाणी निथळून ओढ्यात येते आणि वाहून जाते. पाणी जेथून चालू लागते, तेथे काम करावे. आपल्या नकाशात ती जागा माळावर आहे. तेथे चर खणा, बांध घाला, झाडे लावा. पाणथळ जागा भरून शेत करू नका. आणि उपसा किती करायचा, ते एका थरावर जगणाऱ्या सर्वांनी मिळून ठरवा. वरच्याने सारे उपसले, तर खालच्याने काय प्यावे?

दिवाळीच्या सुमारास एकदा आणि मे अखेरीस एकदा, आपल्या गावातल्या विहिरी मोजा. आकडे शाळेच्या भिंतीवर लिहा, म्हणजे सर्वांना दिसतील. तुम्ही आता वाचायला शिकलात, आकडे मांडायला शिकलात. बांधावरचा तंटा पंचांपुढे नेण्यापूर्वी हे आकडे पुढे ठेवा. जमीन ज्याच्या त्याच्या नावावर असते. तिच्याखालचे पाणी मात्र बांध ओळखत नाही.