‘कच्चा लिंबू’ : दिव्यांग अपत्याच्या आईवडिलांचे चित्रपटीय चित्रण

प्रास्ताविक

मुलांच्या खेळात वयाने वा शक्तीने कमी पडणाऱ्या भिडूला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतले जाते. तो इतरांबरोबर धावतो, पकडलाही जातो. परंतु बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. खेळात त्याला जागा असते, गणतीत मात्र नसते. प्रसाद ओक दिग्दर्शित ‘कच्चा लिंबू’ (२०१७) या चित्रपटाने हा शब्द शीर्षक म्हणून स्वीकारला, तेव्हा तो बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या बच्चूसाठी योजला आहे असे प्रथमदर्शनी वाटते. चित्रपट पाहिल्यावर हा अर्थ अपुरा ठरतो. समाजाच्या खेळात घेतलेले, पण हिशेबात न धरलेले भिडू म्हणजे बच्चूचे आईवडील होत, असे त्याचे अधिक समर्पक वाचन आहे. प्रस्तुत लेखात याच अंगाने चित्रपटाचा विचार केला आहे.

कथेचे मूळ

चित्रपटाचा आधार जयवंत दळवी यांची ‘ऋणानुबंध’ ही कादंबरी आहे. तिच्यावरूनच दळवींनी ‘नातीगोती’ हे नाटक लिहिले. रंगभूमीवर अतुल परचुरे यांनी साकारलेला बच्चू मराठी प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिला. घर ही आश्रयाची जागा असते तशी ती कोंडीचीही असते, ही जाणीव दळवींच्या लेखनात पुनःपुन्हा आढळते. ‘संध्याछाया’तील वृद्ध दाम्पत्य हे त्याचे दुसरे उदाहरण. चित्रपटाची पटकथा चिन्मय मांडलेकर यांची असून मोहन व शैला काटदरे यांच्या भूमिका अनुक्रमे रवी जाधव व सोनाली कुलकर्णी यांनी, तर बच्चूची भूमिका मनमीत पेम यांनी केली आहे. ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘कच्चा लिंबू’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

या विषयावर मराठी चित्रपट पूर्वीही बोलला होता. संजय सूरकर यांच्या ‘चौकट राजा’मध्ये (१९९१) दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि सुलभा देशपांडे यांची कष्टाळू आई आहे. महेश लिमये यांच्या ‘यलो’मध्ये (२०१४) डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूची कहाणी आहे आणि ती भूमिका गौरी गाडगीळ हिने स्वतःच केली आहे. पहिल्या चित्रपटाचा स्थायीभाव करुणा, तर दुसऱ्याचा जिद्द. दोन्ही चित्रपट आपापल्या जागी सरसच आहेत. तथापि पदक, टाळ्या किंवा अश्रू यांपैकी काहीही हाती न लागणाऱ्या असंख्य घरांचे काय, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. ‘कच्चा लिंबू’ तेथून सुरू होतो.

वेळेची वाटणी

आईवडील दोघेही नोकरी करतात. बच्चूला एकटे ठेवता येत नाही, म्हणून दोघांच्या कामाच्या वेळा एकमेकींना छेद न देतील अशा बसवाव्या लागतात. एकाने घरी यायचे, दुसऱ्याने निघायचे. परिणामी पती-पत्नी एका घरात राहूनही एका वेळी घरात नसतात. दाम्पत्यजीवनाचा हा क्षय चित्रपट कोणत्याही भाषणाशिवाय दाखवतो, आणि येथेच त्याचे खरे सामर्थ्य आहे. शैला वाईट आई नाही, मोहन बेजबाबदार पिता नाही. दोघेही थकलेले आहेत. थकव्याला खलनायक लागत नाही. चित्रपटाचा वर्तमान कृष्णधवल आणि भूतकाळ रंगीत ठेवण्याची योजनाही याच अनुभवाशी जुळते. रूढ संकेत नेमका उलटा असतो. परंतु या घरातील रंग मागेच राहिले आहेत.

बच्चूचे वयात येणे हा कथेतील सर्वांत अवघड भाग होय. बुद्धी बालकाची राहते, शरीर मात्र आपल्या वेळापत्रकाने वाढते. त्याच्या लैंगिक जाणिवांसमोर आईची होणारी अवस्था मराठी पडद्यावर इतक्या सरळपणे क्वचितच आली असेल. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, जवळ घेऊन झोपवणे या सर्व मायेच्या कृती एका मर्यादेनंतर आईसाठीच संकोचाच्या होतात. याविषयी कोणाशी बोलावे, हे शैलाला ठाऊक नाही. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत आज या विषयाला स्थान आहे, घरांत अद्यापही फारसे नाही.

काटदरे यांचे घर मुंबईतील आहे व कुटुंब त्रिकोणी. नागपूरच्या गांधीबाग-इतवारी परिसरातील वाचकाला यावर एक शंका येणे स्वाभाविक आहे. खाली कापडाचे दुकान, वर राहते घर आणि त्यात दोन-तीन पिढ्या, अशी वस्ती जेथे नांदली, तेथे बच्चूला सांभाळायला हात अधिक मिळाले असते काय? कदाचित मिळाले असते. परंतु हात अधिक म्हणजे डोळेही अधिक. नात्यातील लग्ने जमवताना अशा मुलाला आतल्या खोलीत ठेवण्याची रीत केवळ लहान घरांपुरती मर्यादित नाही. चित्रपट एकत्र कुटुंबाची बाजू तपासत नाही, ही त्याची मर्यादा म्हणावी लागेल. मात्र त्यामुळे त्याचे निदान चुकीचे ठरत नाही.

कायद्यापूर्वीचे घर

कथानक ज्या काळातील आहे, त्या काळी अशा कुटुंबांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक केंद्रीय कायदा १९९५ चा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये आला. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करणारा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्याच्या अवघे चार महिने आधी, अमलात आला.

यांपैकी १९९९ चा कायदा बच्चूच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. सज्ञान पण स्वतःचे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या समावेशाने बनलेल्या स्थानिक स्तर समितीला दिला. ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा प्रश्न आईवडिलांच्या झोपेतून काढून कागदावर आणण्याची ही व्यवस्था आहे. गांधीबागेतून सिव्हिल लाईन्समधील जिल्हाधिकारी कार्यालय काही फार दूर नाही. तरीही अनेक आईवडील तेथे मूल अठरा वर्षांचे झाल्यावर नव्हे, तर बँकेच्या खिडकीवर अडल्यावर पोहोचतात. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षणही मिळते.

नोकरीचा प्रश्न मात्र चित्रपटातील काळाच्या फार पुढे आलेला नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा २००८ मध्ये सुरू झाली. राज्यांचे नियम वेगवेगळे राहिले. हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयाच्या सहायक प्राध्यापिकेचा मुलगा अस्थिभंगुरतेच्या जन्मजात विकाराने पीडित होता. त्याच्यावरील उपचारांत तिच्या मंजूर रजा संपल्या, आणि राज्याने केंद्राचा संबंधित नियम स्वीकारलेला नसल्याने बालसंगोपन रजा नाकारली गेली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की नोकरीतील स्त्रियांचा सहभाग हा सवलतीचा विषय नसून घटनात्मक बाब आहे, आणि दिव्यांग मुलांच्या मातांसाठी रजेच्या धोरणाचा फेरविचार करण्यास राज्याला सांगितले.

शैला काटदरे हिच्या कार्यालयात असा कोणताच नियम नाही. तेथे तिला मिळते ती पंडित या वरिष्ठाची (सचिन खेडेकर) सहानुभूती. ती खरी आहे, सौजन्यपूर्ण आहे. पण ती एका माणसाच्या मनावर अवलंबून आहे, आणि तिला एक व्यक्तिगत बाजूही आहे. उशीर झाला तर समजून घेणारा साहेब असणे आणि वेळ मागण्याचा हक्क असणे, यांतील अंतर शैलाच्या चेहऱ्यावर वाचता येते.