विश्लेषण : कृष्णधवल फोटोच्या प्रिंटमध्ये हिरवट-गुलाबी झाक का येते?

आजोबांचा एकुलता एक जुना फोटो स्कॅन केला. मोबाइलवर तो छान दिसला. पण घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापताच चेहऱ्यावर हिरवट झाक आली. अनेकांना येणाऱ्या या अनुभवामागे दोष बहुधा फोटोचा नसतो. मग तो कशाचा?

राखाडी रंग तयार कसा होतो?

साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये राखाडी शाई नसते. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा हे चारच रंग असतात. राखाडी छटांसाठी प्रिंटर बहुतांश वेळा पहिले तीन रंग एकत्र करतो. हे प्रमाण किंचित चुकले, तर रंगीत फोटोत खपून जाते. राखाडी छटेत मात्र लगेच नजरेत भरते.

फक्त काळी शाई वापरली तर?

झाक कमी होते, पण फिकट भागात काळे ठिपके विरळ पडून चेहरा दाणेदार दिसतो. काही प्रिंटरमधील काळी पिगमेंट शाई साध्या कागदासाठीच असते. चकचकीत फोटो पेपर निवडला, की ती वापरलीच जात नाही. त्यामुळे ‘ग्रेस्केल’ निवडूनही झाक राहू शकते.

उजेडाचा काय संबंध?

घरातल्या दिव्याखाली ठीक वाटणारा प्रिंट खिडकीपाशी वेगळा दिसू शकतो. यालाच ‘मेटामेरिझम’ म्हणतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरलेली रसायनेही सूर्यप्रकाशात निळसर छटा देतात.

उपाय काय?

– सेटिंगमध्ये हातातल्या कागदाचाच प्रकार निवडा.

– रंगांचे नियंत्रण सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर, यांपैकी एकाकडेच ठेवा. दोन्हीकडे सुरू राहिल्यास रंग दोनदा बदलतात.

– आधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी छापा. प्रिंट वाळू द्या आणि फोटो जिथे लावायचा, त्याच उजेडात तपासा.

खात्रीचा मार्ग कोणता?

राखाडी शाई असलेला प्रिंटर. एप्सनने 2005 मध्ये ‘स्टायलस फोटो आर 2400’मध्ये काळी, फिकट काळी आणि त्याहून फिकट अशा तीन छटांच्या शाई दिल्या. त्यामुळे रंगीत शाईची गरज अगदी थोडी उरते. असे प्रिंटर महाग असतात. एखाद-दुसराच फोटो असेल, तर राखाडी शाईचा प्रिंटर असलेल्या फोटो लॅबमधून तो छापून घेणे परवडते. मात्र ऑर्डर देण्यापूर्वी शाईबद्दल नक्की विचारा.