दुव्यावरील ‘हॉवर’ परिणाम आणि त्याचे अनुकरण

वेबपृष्ठावरील दुव्यावर माउसचा बाण येताच दुव्याचा रंग पालटतो किंवा त्याखाली रेघ उमटते. हा पालट दोन मार्गांनी घडविता येतो. त्या दोहोंतील भेद केवळ सोयीचा नसून तत्त्वाचा आहे.

पहिला मार्ग जावास्क्रिप्टचा होय. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या १९९६ मधील तिसऱ्या आवृत्तीत बाणाचे आगमन व निर्गमन या दोन घटनांना कृती जोडून एका चित्राच्या जागी दुसरे मांडता येऊ लागले. दुसरा मार्ग सीएसएसचा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सीएसएसच्या दुसऱ्या प्रमाणकाने ‘हॉवर’ हा आभासी वर्ग दिला. येथे घटना नव्हे, तर अवस्था सांगितली जाते. बाण दुव्यावर असेपर्यंत अमुक नियम लागू, एवढेच शैलीपत्रक म्हणते. अवस्थेचा आरंभ आणि शेवट ब्राउझर स्वतः पाहतो. मात्र नियमांचा क्रम सांभाळावा लागतो. समान बलाच्या नियमांत नंतरचा प्रभावी ठरत असल्याने अभेट, भेट दिलेला, हॉवर आणि सक्रिय असाच क्रम ठेवणे इष्ट.

२००१ सालच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत हॉवरचा नियम केवळ दुव्यांनाच लागू पडे. यादीतील घटकांना नाही. त्यामुळे उलगडणाऱ्या याद्यांसाठी अनुकरणाचा अवलंब झाला: बाण येताच जावास्क्रिप्टने घटकास एक वर्गनाम द्यावे, जाताच ते काढावे आणि त्या वर्गाचे रूप शैलीपत्रकाने ठरवावे. २००६ मधील सातव्या आवृत्तीने ही अडचण दूर केली. तथापि अनुकरणाचे प्रयोजन संपले नाही. खरी हॉवर अवस्था जावास्क्रिप्टला निर्माण करता येत नाही. कृत्रिम घटना पाठविली तरी शैलीपत्रकातील हॉवरचा नियम जागा होत नाही. ते रूप बाणाविना दाखवावयाचे असल्यास वर्गनामाचाच आधार घ्यावा लागतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न वाचकाचा आहे. कळफलकाने वावरणाऱ्याचा बाण दुव्यावर येतच नाही. बोटाने चालणाऱ्या पडद्यावर तर नुसते ‘वर असणे’ संभवत नाही. असतो तो स्पर्शच. म्हणून हॉवरचे रूप ‘फोकस’ या अवस्थेलाही द्यावे. दुवा हा दुवा आहे, हे बाण येण्यापूर्वीच ओळखू आले पाहिजे. हॉवरने अर्थास उठाव द्यावा; अर्थच त्यावर सोपविल्यास पृष्ठाचा काही भाग अनेक वाचकांस कायमचा बंद राहतो.