पेशींतर्गत कॅल्शियम मुक्तता

पेशींतर्गत कॅल्शियम मुक्तता म्हणजे पेशीच्या आत साठवलेले कॅल्शियमचे आयन गरजेनुसार पेशीद्रवात सोडले जाण्याची क्रिया होय. स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके, ग्रंथींचे स्रवण आणि अंड्याचे फलन यांसारख्या अनेक जीवनक्रिया तिच्यावर अवलंबून असतात. ही क्रिया योग्य वेळी सुरू होणे जितके आवश्यक, तितकेच ती योग्य वेळी थांबणेही आवश्यक असते. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर वापरली जाणारी डायअमाइड गटातील कीटकनाशके नेमकी हे थांबणेच अशक्य करतात. त्यामुळे जालना जिल्ह्यासारख्या तूर व कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात या विषयाला व्यावहारिक महत्त्वही आहे.

साठा आणि समतोल

विश्रांत अवस्थेतील पेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण अत्यल्प असते. पेशीबाहेरील द्रवात ते त्याच्या सुमारे १०,००० पट असते. पेशीच्या आतील मुख्य साठा आंतर्द्रव्यजालिकेत असतो. स्नायुपेशीतील याच जालिकेच्या विशेष रूपास स्नायुद्रव्यजालिका म्हणतात. जालिकेच्या पटलावरील पंप एटीपीच्या एका रेणूतील ऊर्जा खर्चून कॅल्शियमचे दोन आयन आत ओढून घेतो. हा खर्च टाळता येत नाही, कारण पेशीद्रवात कॅल्शियम दीर्घकाळ साचून राहिले तर पेशी मृत्युमुखी पडू शकते. प्रमाण एरवी इतके कमी ठेवल्यामुळेच त्यातील अल्पकाळाची वाढ पेशीला संदेश म्हणून ओळखता येते.

सजीवांच्या ऊतींना कॅल्शियमची गरज असते, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून दाखवले.

मुक्ततेचे दोन मार्ग

साठ्यातील कॅल्शियम बाहेर पडते ते आयन वाहिन्यांतून. पटलात बसलेल्या व उघडझाप करणाऱ्या प्रथिनांना आयन वाहिन्या म्हणतात. या कामासाठी दोन वाहिन्या प्रमुख आहेत.

पहिली आयपी३ ग्राही. एखादे संप्रेरक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीशी जोडले गेले की फॉस्फोलायपेज सी हे विकर प्रद्रव्यपटलातील एका मेदरेणूचे विभाजन करते. त्यातून इनोसिटॉल ट्रायफॉस्फेट, म्हणजेच आयपी३, तयार होते. ते जालिकेवरील ग्राहीला जाऊन चिकटते आणि वाहिनी उघडते. आयपी३ मुळे साठ्यातील कॅल्शियम मुक्त होते, हे मायकेल बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले.

दुसरी रायनोडीन ग्राही. ही ज्ञात आयन वाहिन्यांपैकी सर्वांत मोठ्या वाहिन्यांत गणली जाते. तिच्या चार समान घटकांपैकी प्रत्येकात सुमारे ५,००० अमिनो आम्ले असतात. सस्तन प्राण्यांत तिचे तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार प्रामुख्याने अस्थिस्नायूंत, तर दुसरा हृदयात असतो. अस्थिस्नायूत चेतासंदेश पोहोचताच प्रद्रव्यपटलातील एक प्रथिन या वाहिनीला थेट उघडते. हृदयात मात्र बाहेरून आत आलेले थोडे कॅल्शियमच ती उघडण्यास कारणीभूत ठरते. यास कॅल्शियमप्रेरित कॅल्शियम मुक्तता म्हणतात.

नियमन

थोड्या कॅल्शियममुळे अधिक कॅल्शियम सुटत असेल, तर सारा साठा एकदम रिकामा का होत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे कारण असे की, हे नियंत्रण अनेक पातळ्यांवर होते. कॅल्शियमचे प्रमाण थोडे वाढले की या वाहिन्या उघडतात; ते फार वाढले की त्यांचे उघडणे कमी होते. मॅग्नेशियमचे आयन रायनोडीन ग्राहीला आवर घालतात. कॅल्मोड्युलिन हे प्रथिन पेशीद्रवाच्या बाजूने वाहिनीवर नियंत्रण ठेवते. जालिकेच्या आत कॅल्सेक्वेस्ट्रिन हे प्रथिन कॅल्शियम धरून ठेवते. दरम्यान पंप सुटलेले आयन परत साठ्यात नेत असतो आणि स्नायू सैल पडतो. ॲड्रेनलिनच्या प्रभावाखाली हृदयातील हा पंप वेगाने काम करू लागतो. त्यामुळे ठोके जलद पडत असतानाही दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल होऊ शकते.

नियमनातील बिघाड

अस्थिस्नायूतील रायनोडीन ग्राहीच्या जनुकात विशिष्ट दोष असलेल्या व्यक्तीला काही भूलद्रव्ये दिल्यास वाहिन्या उघड्याच राहतात, स्नायू ताठरतात आणि शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाते. या स्थितीवर डॅन्ट्रोलीन हे कॅल्शियमची मुक्तता रोखणारे औषध देतात. हृदयातील ग्राहीच्या दोषामुळे श्रमाच्या किंवा भावनिक ताणाच्या वेळी हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो.

शेतीतील उपयोग

रायनोडीन हे दक्षिण अमेरिकेतील रायनिया या वनस्पतीत आढळणारे विषारी द्रव्य आहे. तिची भुकटी १९४० च्या दशकापासून कीटकनाशक म्हणून वापरली जाई. वाहिनीला मिळालेले नाव याच द्रव्यावरून आले आहे. पुढे याच वाहिनीवर कार्य करणारी फ्लुबेंडायअमाइड व क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल ही कृत्रिम रसायने तयार झाली. ती अळीच्या स्नायूंतील रायनोडीन ग्राही उघड्या ठेवतात. साठ्यातील कॅल्शियम अनियंत्रितपणे बाहेर पडते, अळी खाणे थांबवते, तिला पक्षाघात होतो आणि ती मरते. सस्तन प्राण्यांच्या ग्राहीपेक्षा कीटकांची ग्राही या रसायनांना शेकडो पट अधिक संवेदनशील असते. मात्र पाण्यातील अपृष्ठवंशीय जीवांना ती घातक ठरू शकतात. याच कारणास्तव अमेरिकेत २०१६ मध्ये फ्लुबेंडायअमाइडची नोंदणी रद्द करण्यात आली.

जालना जिल्ह्यात तूर, कापूस, सोयाबीन व मका ही महत्त्वाची पिके आहेत. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्र बीडीएन ७११ सारख्या तुरीच्या वाणांसाठी ओळखले जाते. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे आणि कापसाची बोंडे पोखरणारी हिरवी अळी एकाच जातीची आहे. म्हणजेच एकाच वर्षात वेगवेगळ्या पिकांवर तिच्या पिढ्यांचा त्याच रसायनाशी पुन्हा पुन्हा संबंध येऊ शकतो.

येथेच प्रतिकारशक्तीचा प्रश्न उभा राहतो. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात रायनोडीन ग्राहीतील ४९४६ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आल्याचे फिलिपिन्स व थायलंडमधील नमुन्यांत आढळले. सुमारे ५,००० अमिनो आम्लांपैकी केवळ एका आम्लाच्या या बदलाने औषधाची पकड सुटते. असे प्रतिकारक्षम कीटक वाचतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते.

म्हणून कीटकनाशकांचे वर्गीकरण त्यांच्या कार्यपद्धतीनुसार केले जाते. डायअमाइड रसायने २८ क्रमांकाच्या गटात येतात. डब्यावरील व्यापारी नाव बदलले तरी घटक याच गटातील असेल, तर मारा त्याच वाहिनीवर होतो. अशा बदलास औषध बदलणे म्हणता येत नाही. अळीच्या लागोपाठच्या पिढ्यांसाठी वेगळ्या गटातील औषध निवडणे हाच खरा पालट होय. उदाहरणार्थ, इमामेक्टिन बेंझोएट क्लोराइड आयनांच्या वाहिन्यांवर कार्य करते. कामगंध सापळे, पक्षिथांबे व निंबोळी अर्क यांचा वापर केल्यास रासायनिक फवारण्यांची संख्याही कमी ठेवता येते.