संचालन प्रणालीच्या अद्ययावतीकरणानंतर मंदावणारे फाइल हस्तांतरण

संगणकाची संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, नव्या आवृत्तीवर नेल्यानंतर त्याच केबलने आणि त्याच सर्व्हरवरून येणाऱ्या फाइली पूर्वीपेक्षा हळू येऊ लागणे, ही स्थानिक नेटवर्कवर वारंवार आढळणारी तक्रार आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक कार्यालयांना विंडोज ११ कडे वळावे लागले, त्यामुळे हा प्रश्न लहान व्यावसायिकांपर्यंतही पोहोचला. विंडोज संगणक एकमेकांच्या फाइली प्रामुख्याने एसएमबी या नियमावलीने वापरतात. मंदपणाचे मूळ काही वेळा तिच्यातील बदलांत असते, तर बरेचदा तिच्याबाहेरच असते.

वेगाचा हिशेब

उदाहरणादाखल बारामतीजवळच्या जळोचीतील लग्न-चित्रीकरणाचा एखादा स्टुडिओ घेऊ. एका समारंभाचे ६० गिगाबाइट चित्रीकरण सामायिक साठवण-पेटीवरून (नॅस) संपादनाच्या संगणकावर आणायचे आहे. गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट मिळतात आणि काम नऊ-दहा मिनिटांत होते. तोच वेग ११ मेगाबाइटवर आला, तर दीड तास लागतो.

हा ११ चा आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे. वेग ११ ते १२ मेगाबाइटवर येऊन अगदी स्थिर राहिला, तर जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर उतरली आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली तरी जोडणी बंद पडत नाही, केवळ गती घटते. अद्ययावतीकरणाच्या वेळी संगणक हलवला, केबल ओढली गेली आणि दोष मात्र नव्या प्रणालीवर आला, असेही घडते. नव्या चालकाने (ड्रायव्हर) वीज-बचतीची किंवा गतीची मांडणी बदलली असण्याची शक्यताही असते. म्हणून नेटवर्क कार्डाच्या स्थितीत दिसणारी जोडणीची गती सर्वांत आधी पाहावी. संगणक केबल सोडून वाय-फायवर गेलेला नाही ना, हेही तेव्हाच कळते.

नेटवर्क की डिस्क

जोडणी ठीक असेल तर दोष वाटेत आहे की टोकाला, हे ठरवावे लागते. आयपर्फ हा विनामूल्य कार्यक्रम दोन संगणकांच्या स्मृतींमध्ये थेट माहिती पाठवून वेग मोजतो. त्यात डिस्कचा संबंध येत नाही. आयपर्फने पूर्ण वेग दाखवला आणि फाइल तरीही हळू आली, तर केबल, स्विच व राउटर यांवरचा संशय बहुतांशी फिटतो. ही पाच मिनिटांची चाचणी न करता नवा स्विच विकत घेणे हा या क्षेत्रातील सर्वांत सर्रास होणारा वायफळ खर्च असावा. अद्ययावतीकरणानंतरच्या पहिल्या काही तासांत फाइलींची अनुक्रमणी, विषाणू-तपासणी व उरलेले अपडेट पार्श्वभूमीत चालू असतात, त्यामुळे त्या वेळेतील मोजमाप ग्राह्य धरू नये.

व्हिस्टापासूनचा इतिहास

जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टावर फाइली हळू उतरतात, अशी मोठी ओरड झाली. त्यामागचे एक कारण मनोरंजक होते. विंडोज एक्सपीमध्ये माहिती आधी कॅशमध्ये जाई आणि ती डिस्कवर पूर्ण लिहिली जाण्यापूर्वीच प्रगतीची चौकट मिटे. व्हिस्टाने कॅश टाळून थेट डिस्कवर लिहिण्याची पद्धत घेतली. त्यामुळे चौकट लिखाण खरोखर संपेपर्यंत उघडी राही आणि वापरकर्त्याला काम लांबल्यासारखे वाटे. काही प्रसंगी मात्र ते खरोखरच लांबत होते. २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने बहुतेक ठिकाणी कॅश पुन्हा आणली. व्हिस्टात दुसरीही एक गंमत होती: गाणे सुरू असताना आवाज अडखळू नये म्हणून नेटवर्कची पाकिटे सेकंदाला सुमारे १०,००० पर्यंत मर्यादित केली जात. दीड हजार बाइटच्या पाकिटांनुसार हा वेग सुमारे १५ मेगाबाइट होतो. गाणे थांबवले की फाइल वेग घेई.

विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीत (२०२२) दूरच्या संगणकावरून मोठ्या फाइली आणताना वेग ४० टक्क्यांपर्यंत घटत असल्याचे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केले होते. दुरुस्ती येईपर्यंत रोबोकॉपी या आज्ञेला कॅश टाळणारा 'जे' पर्याय जोडून काम भागवण्याचा सल्ला देण्यात आला. व्हिस्टात जी पद्धत दोष ठरली होती, तीच येथे उपाय ठरली.

स्वाक्षरीची किंमत

२०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ च्या प्रो, एंटरप्राइझ व एज्युकेशन प्रकारांत एसएमबी स्वाक्षरी मुळातच अनिवार्य आहे. स्वाक्षरीमुळे प्रत्येक संदेश खऱ्या प्रेषकाकडून, वाटेत न बदलता आला आहे याची खात्री होते, परंतु त्यासाठी दोन्ही टोकांना गणित करावे लागते. आजच्या प्रोसेसरला हा भार फारसा जाणवत नाही. अशक्त प्रोसेसरची जुनी नॅस पेटी मात्र तेथेच अडते. हस्तांतरण चालू असताना नॅसचा प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडत असेल, तर कारण बहुधा हेच.

मॅकवर हा प्रश्न आधीच येऊन गेला होता. ओएस एक्स १०.११.५ मध्ये (२०१६) स्वाक्षरी सुरू झाली आणि मॅकओएस १०.१३.४ मध्ये (२०१८) अॅपलने ती पुन्हा ऐच्छिक केली. इंटरनेटवर सर्वाधिक सुचवला जाणारा उपायही स्वाक्षरी बंद करण्याचाच आहे. कारणाची खातरजमा करण्यापुरती ती काही मिनिटे बंद करणे समजण्यासारखे आहे. ती कायमची बंद ठेवल्यास मात्र नेटवर्कमध्ये शिरलेल्या हल्लेखोराला दुसऱ्याची ओळख पुढे रेटून सर्व्हरवर प्रवेश मिळवता येतो. ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या पतसंस्थेने हा धोका पत्करू नये. त्याआधी नॅसचे फर्मवेअर अद्ययावत करून तिच्यावर एसएमबी ३ सुरू करून पाहावे. जुन्या पेटीसाठी एसएमबी १ पुन्हा चालू करणे तर याहून घातक आहे: मे २०१७ मधील वॉनाक्राय खंडणी-विषाणू याच आवृत्तीच्या विंडोजमधील त्रुटीतून पसरला होता.

लहान फाइली

एक मोठी फाइल वेगाने आणि हजारो छायाचित्रे मात्र रखडत येत असतील, तर वरील कारणे बाजूला ठेवावीत. प्रत्येक फाइल उघडणे, तिचे गुणधर्म विचारणे व ती बंद करणे यांसाठी नेटवर्कवर स्वतंत्र फेऱ्या होतात आणि विषाणू-प्रतिबंधक प्रत्येकीला थांबवून तपासतो. रोबोकॉपीने एकाच वेळी अनेक फाइली पाठवल्यास किंवा सर्व छायाचित्रांची आधी एकच झिप फाइल केल्यास या प्रतीक्षेतील बराचसा वेळ वाचतो.