अल्पाइन.जेएस

अल्पाइन.जेएस हे जावास्क्रिप्ट भाषेतील एक लहान, मुक्त स्रोत फ्रेमवर्क आहे. केलेब पोर्झियो या अमेरिकन आज्ञावलीकाराने ते २०१९ मध्ये विकसित केले. त्याची तिसरी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ते एमआयटी परवान्याखाली उपलब्ध असून त्याच्या लेखनपद्धतीवर व्ह्यू या फ्रेमवर्कचा प्रभाव आहे. वेबफ्लोसारख्या दृश्य संकेतस्थळ-निर्मिती साधनांत तयार केलेल्या पानांना परस्परसंवादी करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

कार्यपद्धती

अल्पाइनमध्ये पानाचे वर्तन एचटीएमएल घटकांच्या गुणधर्मांतच लिहिले जाते. 'एक्स-डेटा' या गुणधर्माने एखाद्या घटकाची माहिती घोषित होते व ती त्या घटकात आणि त्याच्या आतील सर्व घटकांत वापरता येते. 'एक्स-ऑन' क्लिकसारख्या घटनांना प्रतिसाद देतो, 'एक्स-मॉडेल' माहिती लिहिण्याच्या चौकटीशी जोडतो, तर 'एक्स-शो' अटीनुसार घटक दाखवतो किंवा लपवतो. माहिती बदलताच तिच्यावर अवलंबून असलेला पानाचा भाग आपोआप अद्ययावत होतो.

दृश्य साधनांतील वापर

वेबफ्लोची स्थापना २०१३ मध्ये झाली. त्यात पानाची मांडणी कोड न लिहिता करता येते, तसेच घटकांना स्वतःचे गुणधर्मही जोडता येतात. त्यामुळे अल्पाइनची स्क्रिप्ट पानात एकदा समाविष्ट केल्यावर मूळ मांडणी न बदलता नवे वर्तन जोडणे शक्य होते. उदाहरणार्थ, महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमांच्या यादीभोवतीच्या घटकाला 'एक्स-डेटा', शोधचौकटीला 'एक्स-मॉडेल' आणि प्रत्येक ओळीला 'एक्स-शो' दिल्यास टंकलेल्या शब्दाशी जुळणारे अभ्यासक्रमच दिसतात.

मर्यादा आणि दक्षता

हे गुणधर्म आरेखनाच्या पटलावर नजरेस पडत नाहीत. मांडणी बदलताना शोधचौकट 'एक्स-डेटा' असलेल्या घटकाबाहेर ओढली गेली, तर दिसण्यात फरक न पडताही शोध बंद पडतो. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर प्रकाशित पान तपासावे लागते. 'एक्स-इफ' आणि 'एक्स-फॉर' यांना टेम्प्लेट हा एचटीएमएल घटक आवश्यक असतो. तो उपलब्ध नसल्यास केवळ दाखवण्या-लपवण्यासाठी 'एक्स-शो' वापरता येतो.

अल्पाइन सुरू होईपर्यंत अपूर्ण मजकूर दिसू नये म्हणून 'एक्स-क्लोक' हा गुणधर्म व त्यासोबत लपवणारा सीएसएस नियम वापरतात. मात्र स्क्रिप्ट पोहोचलीच नाही, तर तो मजकूर कायम लपलेला राहतो. म्हणून शुल्क, पत्ता, संपर्क यांसारखी आवश्यक माहिती स्क्रिप्टविनाही वाचता येईल अशी ठेवणे इष्ट असते.

'एक्स-एचटीएमएल' द्वारे वापरकर्त्याने दिलेला मजकूर जसाच्या तसा दाखवल्यास घातक कोड चालण्याचा धोका असतो. साध्या मजकुरासाठी 'एक्स-टेक्स्ट' सुरक्षित ठरतो. तसेच पानातील सर्व कोड ब्राउझरमध्ये वाचता येत असल्याने संकेतशब्द किंवा गुप्त कळा त्यात ठेवता येत नाहीत. लॉगिन, देयके व नोंदींची साठवण यांसाठी सर्व्हरवरील स्वतंत्र व्यवस्था लागते.